मंडेला दिनाची तयारी मे महिन्यात सुरू करा

जुलै उजाडला की जोहान्सबर्गला नव्याने आलेली मराठी मंडळी विचारतात, "काकू, मंडेला डेला आम्ही काय करायचं?" ऑफिसातून निरोप आलेला असतो, टी-शर्टही वाटलेले असतात. माझं सांगणं एकच, पुढच्या वर्षी मे महिन्यातच कामाला लागा.

आधी ६७ मिनिटांचा हिशेब. १९४२ पासून मदिबांनी, म्हणजे मंडेलांनी, ६७ वर्षं लोकांसाठी झिजवली, म्हणून १८ जुलैला, त्यांच्या वाढदिवशी, प्रत्येकाने दुसऱ्यासाठी ६७ मिनिटं द्यायची. संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये हा दिवस ठरवला. पण त्या दिवशी एकेका अनाथाश्रमात सँडविचचा ढीग लागतो आणि पुढच्या आठवड्यात कुणी फिरकत नाही. तेव्हा महिनाभर आधी फोन करून काय हवंय ते विचारा. डायपर म्हणाले तर डायपर, शाळेचे बूट म्हणाले तर बूट. मुलांसोबत फोटो काढू नका.

आम्ही काही जणी ब्लँकेटं विणतो, कारण इथे जुलैत रात्री पारा शून्याजवळ जातो. ४ मिलिमीटरच्या सुईवर ४० टाके घाला, सगळ्या ओळी सुलट विणा, २० सेंटिमीटरचा चौकोन झाला की टाके बंद करा. आडवे ५, उभे ७ असे ३५ चौकोन जोडले की एका लेकराला पुरतं. लोकर मशीनमध्ये धुता येणारी घ्या. धाग्याची टोकं बोटभर तरी आत ओवा, नाहीतर दोन धुण्यांत जोड उसवतात. सराईत हातालाही ६७ मिनिटांत एक चौकोन होत नाही, म्हणून मे. आणि तयार झालेलं ब्लँकेट १८ तारखेसाठी राखून ठेवू नका, जूनमध्येच देऊन टाका.

आता घरातलं बोलते. आपल्यातली काही माणसं टाउनशिपमध्ये, म्हणजे वर्णभेदाच्या काळात काळ्यांसाठी वसवलेल्या वस्तीत, भिंत रंगवायला जातात, पण घरी कामाला येणाऱ्या बाईंचा कप वेगळा ठेवतात. ते आधी बंद करा. त्यांना त्यांच्या नावाने, आदराने हाक मारा आणि आपल्या टेबलावर जेवायला बसवा. हे जमत नसेल तर रंगाचा ब्रश हातात घेऊ नका.

मुलांना गोष्ट सांगताना "मंडेलांनी सगळ्यांना माफ केलं" इथून सुरुवात करू नका. अन्याय आधी सांगा. १९६४ मध्ये रॉबेन बेटावरच्या तुरुंगात मंडेलांसह एकाच खटल्यातले कैदी गेले, तर भारतीय वंशाच्या अहमद कथ्राडांना फुल पँट मिळाली आणि मंडेलांना हाफ पँट. पावसुद्धा कातडीच्या रंगावर ठरायचा. भारतीय कैद्यांना मिळायचा, काळ्या कैद्यांना नाही. आपल्या मुलांना हे लगेच भिडतं, कारण फुल पँटवाला त्यांच्यासारखा दिसतो.

मग १९८५ सांगा. हिंसेचा मार्ग सोडल्याचं जाहीर करा, तुरुंगातून सुटका करतो, असं राष्ट्राध्यक्ष बोथांनी कळवलं. मंडेलांनी अट धुडकावली. त्यांचं उत्तर मुलगी झिंझीने सोवेटोच्या स्टेडियममध्ये वाचून दाखवलं. सुटका झाली ती पुढे पाच वर्षांनी. एवढं ऐकलं की मुलांना कळतं, हा माणूस मवाळ नव्हता.

माफीचं त्यानंतर. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९९५ मध्ये ज्या पर्सी युटारने त्यांच्याविरुद्ध खटला चालवला होता, त्याला त्यांनी जेवायला बोलावलं. वर्णभेदाचा पाया घट्ट करणाऱ्या फेरवूर्टच्या विधवेला भेटायला ते स्वतः ओरानिया या फक्त गोऱ्यांच्या गावी गेले, चहा घेतला. पण वर्णभेदाच्या काळातल्या अत्याचारांची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगापुढे गुन्ह्यांची माफी फुकट नव्हती. केलेलं सगळं उघड सांगायचं, मगच अर्जाचा विचार. सात हजारांवर अर्ज आले, बहुतेक फेटाळले गेले. हा भाग गाळू नका. मला तर तो सगळ्यात मोलाचा वाटतो.

मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर इथल्या, जोहान्सबर्गमधल्या कॉन्स्टिट्यूशन हिलला न्या. तिथल्या जुन्या तुरुंगात गांधीजीही होते आणि मंडेलाही. कच्च्या कैद्यांची इमारत पाडली, तिच्या विटा शेजारच्या घटना न्यायालयात वापरल्या आहेत. त्या मुलांना दाखवा. सकाळी लवकर जा आणि दोन-अडीच तास हाताशी ठेवा.