फील्डच्या बॅटऱ्या चार्ज कशा करायच्या, ठेवायच्या कशा

फील्डवर बॅटरी ऐनवेळी मान टाकते ना, तिची वाट बहुतेक वेळा आधीच लागलेली असते, पेटीत दोन-तीन महिने पडून असताना. म्हणून ठेवण्यापासूनच सांगतो.

लिथियम आयन बरेच दिवस लागणार नसेल तर फुल करून ठेवू नका आणि पार उतरलेलीही नको, ४०-५० टक्क्यांवर थंड कोरड्या जागी, आणि मशीनमधून काढून, कारण मशीन बंद असलं तरी थोडं थोडं खातच असतं. लेड ॲसिडचं बरोब्बर उलटं. ती १२ व्होल्टची जड बॅटरी फुल करूनच ठेवायची, उतरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग कितीही चार्ज करा, टिकत नाही.

आता पेन्सिल सेल, म्हणजे निकेल मेटल हायड्राइडवाले, १.२ व्होल्टचे. इथे सगळे चुकतात. चार सेलपैकी एक जरी कमजोर असला तरी बाकीचे तीन त्याला ओढत नेतात, तो उलटा चार्ज होतो आणि कायमचा जातो. मी मार्करने नंबर टाकतो, क१ ते क४ एक सेट, ख१ ते ख४ दुसरा, सेट कधी मिसळायचे नाहीत. एकदा घाईत मिसळले आणि जीपीएस दुपारीच बंद, मीटर लावला तर तीन सेल १.२ च्या वर आणि एक ०.४ वर! चार्जर प्रत्येक सेल वेगळा बघणारा घ्या, जोडीने चार्ज करणारा स्वस्तातला नको. भरलेल्या सेटला रबरबँड, वापरलेला मोकळा, अंधारातसुद्धा हाताला कळतं.

थंडीत लिथियम वापरली तर चालते, फक्त लवकर उतरल्यासारखी वाटते, म्हणून स्पेअर जॅकेटच्या आतल्या खिशात. पण शून्य डिग्रीखाली चार्जिंगला लावायची नाही म्हणजे नाही, आत लिथियम धातूचा थर बसतो आणि तो परत जात नाही, आधी खोलीत तासभर राहू द्या. उन्हात उभ्या गाडीत ठेवणं तर त्याहून वाईट. आणि ते "पूर्ण उतरवूनच चार्ज करा" जुन्या निकेल कॅडमियमसाठी होतं, लिथियमला उगाच त्रास.

फुगलेली बॅटरी दाबून बसवू नका, सरळ ई-कचऱ्यात.

विमानाने जाताना सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच, टोकांना टेप लावून. व्होल्ट गुणिले अँपिअर-तास करून बघा, १४.४ गुणिले ६.८ म्हणजे ९८ वॉट-तास, चालतं, १०० च्या वर गेलं की एअरलाइनला आधी विचारावं लागतं.