चाड्यावर मूठ धरण्याआधी: ढगांचं चित्र आणि वावरातली ओल

शेतकरी बंधू-भगिनींनो, रोहिणी सरत आल्या की गावोगावच्या मोबाईलवर उपग्रहानं टिपलेली ढगांची चित्रं फिरू लागतात. कुणीतरी खाली लिहितं, 'उद्यापासून जोरदार', आणि संध्याकाळी कृषी केंद्रापुढे गर्दी होते. चित्र खोटं नसतं, पण त्यावरून काढलेला अर्थ बरेचदा चुकतो. दुबार पेरणीत बियाणं, खत, मजुरी सगळं दोनदा लागतं आणि कर्ज मात्र वाढतच जातं. म्हणून बियाण्याची पिशवी फोडण्याआधी हे वाचा.

ही चित्रं इन्सॅट मालिकेतले उपग्रह पाठवतात. त्यातला इन्सॅट-३डीएस १७ फेब्रुवारी २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडला गेला. जमिनीपासून सुमारे ३६,००० किलोमीटरवर तो पृथ्वीच्या फिरण्याला धरूनच फिरतो, त्यामुळे त्याची नजर रात्रंदिवस आपल्याच भागावर राहते. अंधारातही तो ढगाच्या माथ्याचं तापमान मोजतो. माथा जितका थंड, तितका ढग उंच आणि चित्रात तितका पांढरा. मात्र उंच ढग पातळही असतो आणि एक थेंब न सांडता निघून जातो. शिवाय सुरुवातीचा पाऊस धुऱ्याच्या एका बाजूला वावर भिजवतो, दुसऱ्या बाजूला धूळ तशीच. एवढं बारीक त्या चित्रात दिसत नाही. पाऊस कोणत्या बाजूनं सरकतोय हे बघायला ते उत्तम, पेरणीची तारीख ठरवायला पुरेसं नाही.

पेरणी ठरवा मोजलेल्या पावसावर. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडून जमिनीत चांगली ओल गेल्याशिवाय सोयाबीन, कपाशी पेरू नका. तालुक्याचा आकडा आपल्या वावराचा समजू नका. सपाट बुडाचा, सरळ उभ्या कडांचा डबा झाडा-भिंतीपासून दूर, मोकळ्यात घट्ट बसवा. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं पाणी मोजा, लिहून ठेवा आणि डबा रिकामा करा. १ मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला १ लिटर, एकरी साधारण ४,००० लिटर पाणी. वहीतली बेरीज ७५ च्या वर गेली की मग पुढच्या पाच दिवसांचा अंदाज बघा. तो 'मेघदूत' ॲपवर मराठीत मिळतो, आणि जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो. पावसात खंड दिसत असेल तर हलक्या, मुरमाड जमिनीत थांबा. तिथली ओल दोन-चार कडक उन्हांत उडते. भारी काळ्या जमिनीत ओल टिकते, तिथं तिफण घालायला हरकत नाही. सोयाबीन घरचं असेल तर उगवणशक्ती आत्ताच तपासा. गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ओलसर ठेवा. सत्तरच्या वर उगवले तर नेहमीच्या प्रमाणात पेरा.

पेरणीच्या घाईत विजेकडे दुर्लक्ष होतं आणि दरवर्षी विदर्भात वावरातच माणसं दगावतात. 'दामिनी' ॲप घरातल्या प्रत्येक मोबाईलवर असू द्या. वीज कुठं पडतेय हे जमिनीवर बसवलेली यंत्रं हेरतात, तुम्ही कुठं आहात हे मोबाईल उपग्रहांवरून ओळखतो, आणि आसपासचा धोका ॲप दाखवतं. इशारा आला की डवरा-वखर तिथंच सोडून पक्क्या घरात जा. झाडाखाली थांबू नका, मजुरांनाही थांबू देऊ नका.

पीक उभं राहिल्यावर उपग्रहाचा वेगळा उपयोग आहे. हिरवं, सशक्त पान लाल उजेड शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण परत फेकतं. या फरकावरून पिकाचा जोम कळतो. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह १० मीटरच्या चौकटीत असं चित्र देतात, म्हणजे एकरात सुमारे चाळीस चौकटी. 'कोपर्निकस ब्राउझर'वर ते फुकट बघता येतं. पावसाळ्यात ढग आड येतात, म्हणून मागच्या दोन-तीन वर्षांची ऑक्टोबरची चित्रं शेजारी ठेवून बघा. दरवेळी एकच पट्टा फिका दिसला तर तिथली माती तपासा, पाणी साचतं का ते बघा. रोगाचं निदान मात्र त्यावरून करू नका. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते, ती आकाशातून दिसत नाही. तिच्यासाठी नर पतंगांना गंधानं ओढणारे कामगंध सापळे लावावेच लागतील आणि बोंडं फोडूनच बघावी लागतील. उपग्रहावरून कीड सांगतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

ई-पीक पाहणी, म्हणजे सातबाऱ्यावर पिकाची मोबाईलवरून नोंद, स्वतःच्या वावरात उभं राहूनच करा, कारण फोटोसोबत त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. आंब्या-लिंबाच्या सावलीत जागा चुकू शकते. उघड्यावर या, मिनिटभर थांबा, मग फोटो काढा. उघड्यावरही मोबाईल चार-पाच मीटर चुकतो. म्हणून धुऱ्याच्या वादात त्याचा नकाशा धरून शेजाऱ्याशी भांडू नका. भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करा.