बागेतली फरशी डुगडुगू नये म्हणून

बागेत दगडी फरशीची पायवाट किंवा बसायची जागा करताना सगळं लक्ष दगडाच्या रंग-आकाराकडे जातं. पण फरशी खचते ती खालच्या भरावामुळे. म्हणून निम्मी मेहनत तिथेच घाला.

आधी वरची भुसभुशीत, मुळांची माती पूर्ण काढा. साधारण १८ ते २० सेंटीमीटर खोल जावं लागतं. मग कचीसकट (कच म्हणजे दगडाचा बारीक चुरा) फोडलेली खडी १० सेंटीमीटर भरा, पण एकदम नको. ५ सेंटीमीटरचा थर, थोडं पाणी, धुमसाने (भराव दाबायच्या जड अवजाराने) ठोकणं; मग दुसरा थर. नदीतले गोल गोटे इथे अजिबात वापरू नका, ते एकमेकांत अडकत नाहीत, सरकत राहतात. वर अडीच-तीन सेंटीमीटर जाड रेती.

उतार घरापासून बाहेर, मीटरमागे २ सेंटीमीटर. दोरी बांधूनच तपासा, नजरेवर जाऊ नका. खडी भरतानाच उतार साधला, तर वर रेती सगळीकडे सारख्या जाडीची राहते.

फरशी किमान ४ सेंटीमीटर जाड घ्या. मोठे, जड दगड कडेला लावा; तिथे लहान तुकडे लवकर निखळतात. प्रत्येक दगडावर उभं राहून चारही कोपऱ्यांवर वजन टाकून पाहा. डुगडुगला तर हातोड्याने ठोकून बसवू नका, उचला आणि खालची रेती कमी-जास्त करा. सांध्यांत बारीक कच झाडूने भरून पाणी शिंपडा, आणि कच खाली बसली की पुन्हा भरा.