कुकर, मिक्सर, तवा घेताना कंपनीच्या नावावर जाताय? या चुका टाळा

रुखवतात आलेला कुकर वीस-पंचवीस वर्षं बिनतक्रार चालला की त्या कंपनीचं नाव घरात पक्कं होतं. मग लेकीला तोच, सुनेला तोच, आणि जमलं तर मिक्सर आणि शेगडीही त्याच कंपनीची. हा विश्वास रोज दोन वेळा वरणभात शिजवून कमावलेला असतो, तो मोडीत काढा असं मी मुळीच म्हणणार नाही. पण तो बसलेला असतो आपल्या घरातल्या त्या एका कुकरवर, आणि पैसे मोजताना आपण तो खोक्यावरच्या नावावर टाकतो. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

नाव जुनं आहे, मालक कोण ते न बघणं

निर्लेप घ्या. १९६८ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सुरू झालेली ही कंपनी. नॉनस्टिक तव्याला कित्येक मराठी घरांत आजही सरळ ‘निर्लेप’च म्हणतात. २०१८ मध्ये ती बजाज इलेक्ट्रिकल्सने घेतली. मिक्सरसाठी ओळखली जाणारी चेन्नईची प्रीती २०११ मध्ये फिलिप्सकडे गेली. पुढे २०२१ मध्ये फिलिप्सने आपला घरगुती उपकरणांचा सगळा धंदाच हिलहाउस या गुंतवणूक कंपनीला विकला, आणि २०२३ पासून तो धंदा व्हर्सुनी या नावाने चालतो. मिक्सरवर फिलिप्स हे नाव आहे ते परवान्याने. बटरफ्लाय २०२२ मध्ये क्रॉम्प्टनकडे गेली, सनफ्लेम २०२३ मध्ये व्ही-गार्डकडे.

मालक बदलला म्हणजे माल बिघडला, असं अजिबात नाही. उलट मोठ्या कंपनीकडे गेल्यावर सर्व्हिस सेंटर वाढल्याचंही होतं. मुद्दा इतकाच की आईचा तीस वर्षांपूर्वीचा अनुभव आजच्या मालाची हमी देऊ शकत नाही. आणि नाव कितीही मोठं असलं तरी ते बाजारातून मागे पडू शकतं. सत्यप्रकाश माथुर या इंजिनीअरने १९६०च्या दशकात आपल्याकडचं ओलं वाटण, हळद-मसाला झेपेल असा सुमीत मिक्सर बनवला आणि पुढची दोनेक दशकं मिक्सर म्हटलं की सुमीतच डोळ्यांसमोर यायचा. आज तो दुकानात शोधावा लागतो.

म्हणून खोकं हातात घ्या आणि बारीक अक्षरं वाचा. उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना-वर्ष, ग्राहक सेवेचा नंबर हे सगळं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ‘उत्पादक’ आणि ‘विपणन’ या दोन ओळींत वेगवेगळी नावं दिसली तर दचकू नका, बाहेरून माल करून घेऊन आपलं नाव लावण्याची पद्धत या धंद्यात सर्रास आहे. फक्त कुकर उत्तम करणारी कंपनी मिक्सरही तितकाच चांगला देईल, असं गृहीत धरू नका.

कंपनी ठरली, मॉडेल दुकानदारावर सोडलं

सगळ्यात जास्त पस्तावा इथे होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपल्याकडे कुकर लावायचा म्हणजे एकावर एक डबे ठेवायचे: खाली डाळ, वर भात, जमल्यास त्यावर बटाटे. हॉकिन्सचा नेहमीचा कुकर आतल्या झाकणाचा असतो. ते झाकण लंबगोल असतं, तिरकं करून आत घालायचं आणि आतून काठाला लावायचं. वाफ धरली की तीच झाकणाला आतून वर दाबते, त्यामुळे दाब उतरेपर्यंत ते उघडत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने रचना फार चांगली. पण अशा कुकरचं तोंड पोटापेक्षा लहान असतं. बाहेरच्या झाकणाच्या कुकरमध्ये वर्षानुवर्षं वापरलेले रुंद डबे त्यात तोंडाशीच अडतात. पोट फुगीर असलेल्या हंडी आकारातही हाच घोळ होतो. शिवाय तीन डबे मावायला उंची लागते, आणि पाच लिटरचे दोन कुकर एकसारख्या उंचीचे असतीलच असं नाही. प्रेस्टीजमध्ये तर दोन्ही प्रकारची झाकणं मिळतात, त्यामुळे नुसतं ‘प्रेस्टीजचा पाच लिटर द्या’ म्हणून भागत नाही.

यावर सोपा इलाज म्हणजे घरातला एक डबा पिशवीत घालून दुकानात न्या. तुळशीबागेत किंवा तुमच्या गावच्या भांडेआळीत कोणताही दुकानदार डबा आत घालून बघायला नाही म्हणणार नाही. ऑनलाइन घेणार असाल तर डब्याचा व्यास आणि तिन्ही डब्यांची मिळून उंची पट्टीने मोजा, आणि कुकरच्या तोंडाचं माप दिलेलं नसेल तर विचारून घ्या.

इंडक्शनचंही तसंच. अॅल्युमिनियमच्या किंवा हार्ड अॅनोडाइज्ड भांड्याला खाली लोहचुंबक चिकटेल असा तळ लावलेला नसेल तर इंडक्शनवर ते तापतच नाही. एकाच कंपनीच्या एकाच मालिकेत तळ असलेली आणि नसलेली अशी दोन्ही भांडी असतात. फ्रिजवरचं चुंबक तळाला घट्ट चिकटलं, तरच घ्या.

मिक्सरमध्ये वॅटपेक्षा आधी चटणीचं भांडं बघा. आपल्या स्वयंपाकात तेच रोज लागतं. पातं तळापासून फार वर असेल तर चार मिरच्या आणि मूठभर खोबरं नुसतं कडेला उडत राहतं, वाटलं जात नाही. सुकं खोबरं, मसाले, इडलीचं पीठ असं जड काम रोजचं असेल तर ५०० वॅटवर भागवू नका, ७५० वॅटचा घ्या.

सुटे भाग कुठे मिळतील, हे न विचारणं

कुकरची रिंग, शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह, मिक्सरचा कपलर (मोटरची गती भांड्याच्या पात्याला देणारी दातेरी चकती), भांड्याचा बुश (पात्याची दांडी ज्यात फिरते ती तळातली नळी) हे भाग झिजणारच. ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत असतील तर साधी कंपनीही वीस वर्षं साथ देते, आणि त्यासाठी कुरिअरची वाट बघावी लागत असेल तर भारी कंपनीही डोकेदुखी होते. माझ्या मते निष्ठा ठेवायचीच तर ज्या कंपनीचे भाग तुमच्या तालुक्याच्या गावात मिळतात तिच्याशी ठेवा.

कंपनी तीच म्हणून जुनी भांडी नव्या मिक्सरला बसतील, ही समजूतही काढून टाका. कपलरचे दात आणि भांड्याची बैठक मॉडेलप्रमाणे बदलतात. वॉरंटीचं कार्डही दुकानातच वाचा. मोटरवर ५ वर्षं असं ठळक छापलेलं असतं, पण बाकी यंत्रावर २ वर्षंच असू शकतात, आणि पातं, कपलर, भांडी बहुतेक वेळा त्यात धरलेलीच नसतात.

नावावर भरवसा म्हणून आयएसआय न बघणं

घरगुती प्रेशर कुकरला १ फेब्रुवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. मानक आयएस २३४७. तरीही मार्क नसलेले कुकर ऑनलाइन विकले जात होते, आणि २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्यासाठी मोठ्या विक्री संकेतस्थळांना दंड केला. मार्कजवळ ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे की नाही ते कळतं. गॅसच्या शेगडीसाठी आयएस ४२४६ बघा.

परदेशी जाणाऱ्या मुलांना ‘आपला’ मिक्सर देणं

अमेरिकेतल्या घरात वीज साधारण १२० व्होल्टची. इथला २३० व्होल्टचा मिक्सर तिथे नीट चालत नाही, आणि ७५० वॅट झेपेल असा ट्रान्सफॉर्मर जड आणि महाग पडतो. प्रीतीसारख्या कंपन्या तिथल्या विजेवर चालणारे, ‘११० व्होल्ट’ म्हणून विकले जाणारे मिक्सर करतात, ते तिथेच घेतलेले बरे. कुकर मात्र खुशाल द्या, सोबत दोन रिंगा आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह ठेवा.

बिघडलं की ‘आता ही कंपनी नकोच’ म्हणणं

आंधळा विश्वास जितका महागात पडतो, तितकाच एका बिघाडावरून धरलेला रागही. आधी एवढं तपासा.

कुकर कडेने फुसफुसतोय: रिंग काढून दुमडून बघा. कडक झाली असेल, चिरा दिसत असतील तर बदला, त्याच कंपनीची अस्सल रिंगच घाला. नवी रिंग घालूनही वाफ जात असेल तर काठाला पोचा आलाय का ते बोट फिरवून बघा. पोचा असेल तर स्वतः ठोकत बसू नका.

मिक्सर चालता चालता बंद पडला: बहुधा ओव्हरलोडने. प्लग काढा, थंड होऊ द्या, मिक्सर उलटा करून तळाचं छोटं बटण, बहुतेक लाल असतं, ते दाबा. वारंवार होत असेल तर एका वेळी कमी वाटण घाला, पाणी थोडं वाढवा.

मोटर फिरते पण पातं फिरत नाही: कपलरचे दात झिजलेत. हे काम किरकोळ असतं.

भांड्याच्या तळातून काळपट ओल येते: बुश किंवा वॉशर गेलाय. त्या भांड्यात वाटलेलं खाऊ नका, आधी दुरुस्त करून घ्या.

तवा चिकटायला लागला: रिकामा तवा मोठ्या आचेवर ठेवायची सवय आहे का बघा. नॉनस्टिकचा थर २६० अंश सेल्सिअसच्या पुढे खराब व्हायला लागतो, आणि रिकामा तवा तिथवर फार लवकर पोचतो. त्या सवयीपुढे कोणत्याही कंपनीचा तवा टिकणार नाही.

एवढं करूनही दोष वस्तूचाच निघाला आणि सर्व्हिस सेंटर दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. फोन करताना बिल, वॉरंटी कार्ड आणि यंत्राच्या तळावरचा सिरियल नंबर समोर ठेवा. दुकानातल्या बिलाची शाई काही महिन्यांत उडते, म्हणून घरी आल्याबरोबर त्याचा फोटो काढून ठेवा.