एमजीबीत रोव्हरचं व्ही-८ बसवताना

माझी एमजीबी जीटी, म्हणजे ब्रिटनच्या एमजी कंपनीची स्पोर्ट्स कार, १९७७ची. मूळचं इंजिन चार सिलिंडरचं, १७९८ सीसी, बिडाचं. त्याजागी मी रोव्हर एसडी१ या गाडीतलं ३५२८ सीसीचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं. बर्मिंगहॅमला घरामागच्या गॅरेजात दोन हिवाळे त्यात गेले.

हेच इंजिन, कारण ते ॲल्युमिनियमचं आहे. सिलिंडर दुप्पट, तरी वजन जवळपास जुन्याइतकंच. गाडीचं नाक जड होत नाही आणि वळणावर ती पूर्वीसारखीच वळते. शिवाय एमजीच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यानेच १९७३ ते १९७६ या काळात अशा २,५९१ गाड्या बनवल्या होत्या.

गाडी शक्यतो रबर बंपरची, म्हणजे १९७४च्या अखेरीनंतरची बघा. तिच्या बोनेटखाली व्ही-८ मावेल अशीच जागा केलेली असते. क्रोम बंपरच्या जुन्या गाडीत पत्रा ठोकावा-कापावा लागतो, आणि ते माझ्या जिवावर येतं.

इंजिन खोलून, दुरुस्त करून, रंगवून मगच आत उतरवावं असं वाटतं. तसं करू नका. रिकामा ब्लॉक, हेड, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारे पाइप) आणि गिअरबॉक्स एवढंच जोडून आधी नुसतं बसवून बघा. मी ही पायरी गाळली. मॅनिफोल्ड आणि स्टीअरिंगचा दांडा यांत चार मिलिमीटर फट होती, मला पुरेशी वाटली. पण ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन माउंटिंगवर झुकतं. पहिल्याच चढावर स्टीअरिंगमधून ठकठक हाताला जाणवली. सगळं परत बाहेर काढलं. मग आतल्या मडगार्डांना भोकं पाडून बाहेर निघणारे, एमजीच्याच नंतरच्या आरव्ही८ गाडीच्या पद्धतीचे मॅनिफोल्ड लावले. त्याने बोनेटखालची उष्णताही कमी झाली.

ऑइल फिल्टर मूळ जागी बसत नाही. तो पाइप जोडून दुसरीकडे न्यावा लागतो. रेडिएटरपुढे दोन इलेक्ट्रिक पंखे हवेत. डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणारा गिअरचा संच, मात्र नक्की बदला. मूळचं ३.९०९ गुणोत्तराचं ठेवलंत तर हायवेवर इंजिन उगाच ओरडत राहतं; कारखान्याने व्ही-८ला ३.०७चं दिलं होतं. ब्रेक इंजिनाच्या आधी सुधारून घ्या. बदललेल्या इंजिनाचा नंबर आणि सीसी डीव्हीएलए (ब्रिटनचं वाहन नोंदणी कार्यालय) आणि विमा कंपनी दोघांनाही कळवा.

आता पहिला स्टार्ट. या इंजिनाचा ऑइल पंप बराच काळ कोरडा राहिला की तेल ओढत नाही. पंपाचं झाकण उघडून गिअरमध्ये व्हॅसलिन ठासून भरा. मग डिस्ट्रिब्युटर काढा आणि त्याच भोकातून ड्रिलने पंप फिरवा. ऑइल प्रेशरचा काटा वर येईपर्यंत सेल्फ मारू नका. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) नवी असेल तर इंजिन सुरू होताच आयडलवर सोडू नका. पहिली २० मिनिटं दोन-अडीच हजार आरपीएमवर धरा.