दम्याची गोळी चालू आहे? मग ही पिशवीची सवय लावून घ्या

पाऊस लागला की आमच्या बेळगावकडच्या खानापूर, जांबोटी पट्ट्यात घराघरात खोकला चालू होतो, आणि थंडीत निपाणीकडं तंबाखूची धूळ आणि गुऱ्हाळाचा धूर, म्हणजे दमेकऱ्याला वर्षभर सुट्टी नाहीच. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. बाबांचा दमा बारा वर्षं सांभाळताना जे कळलं, आणि एकदा चांगलंच अंगाशी आलं, ते लिहायलोय.

आपल्याकडं दम्याची गोळी म्हटलं की बहुतेक घरात निघते ती थिओफायलिनची, मेडिकलमध्ये डेरीफायलिन म्हणून मागतात ती. त्यात इटोफायलिन आणि थिओफायलिन अशी दोन औषधं असतात. डॉक्सोफायलिन, आणि छातीत कफ साठला की देतात ते अॅसिब्रोफायलिन, हे पण त्याच भावकीतले. नावाच्या शेवटी 'फायलिन' दिसलं की समजायचं घर एकच. मूळ पदार्थ 1888 साली कोसेल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं चहाच्या पानातून काढला, म्हणून नावातल्या 'थिओ'मध्ये चहा आहे. चहा-कॉफीतलं कॅफीन याचं चुलत भावंड, त्यामुळं ही गोळी चालू असताना दिवसाला सात-आठ कप चहा मारला तर छातीत धडधड आणि रात्री टक्क जाग हे ठरलेलंच. दोन-तीन कपावर थांबा, जास्त सवय असेल तर डॉक्टरना सांगा.

ही गोळी श्वासनळ्या सैल करते, औषध चांगलं आहे, पण जुनं आणि नखऱ्याचं. उपयोग होतो तो डोस आणि त्रास होतो तो डोस यात अंतर फार कमी. रक्तात साधारण 10 ते 20 मायक्रोग्रॅम प्रति मिली असावं असं पूर्वीपासून धरत आलेत, आता बरेच डॉक्टर 5 ते 15 वरच थांबतात, 20 च्या वर गेलं की गडबड. आणि गंमत म्हणजे गोळी तेवढीच घेतली तरी रक्तातलं प्रमाण वर-खाली होतं, कारण ती निचरायचं काम लिव्हर करतं आणि लिव्हरचा वेग दुसऱ्या गोष्टींनी बदलतो. सगळा घोळ इथंच आहे बघा.

आमच्याकडं काय झालं ते सांगतो. बाबा तंबाखूच्या वखारीत कामाला होते, चाळीस वर्षं बिडी. मिरजेच्या डॉक्टरांनी दम भरून बिडी सोडायला लावली, आणि खरंच सोडली की हो! आम्ही घरात पेढे वाटले. गोळ्या जशा होत्या तशाच चालू. आठ-दहा दिवसांनी हात थरथरायला लागले, जेवण नको, झोप नाही. आम्हाला वाटलं बिडीची तलप असणार. त्यातच लघवीला जळजळ म्हणून गावातल्या एका डॉक्टरनी सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं, त्यांनी काय चालू आहे विचारलं नाही आणि आम्ही पण सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी ओकाऱ्या, छाती इतकी धडधडायला लागली की अंगावरचा शर्ट हललेला दिसत होता. गाडी करून बेळगावला आणलं, तिथल्या डॉक्टरनी पहिला प्रश्न विचारला, "बिडी कधी सोडली?" मला कळेना हे काय विचारायलेत.

नंतर समजावून सांगितलं. बिडी-सिगरेटच्या धुरानं लिव्हर ही गोळी भराभरा संपवतं, म्हणून ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. बिडी सुटली की काही दिवसात तो जोर उतरतो आणि तोच जुना डोस अंगात साठायला लागतो. वर सिप्रोफ्लॉक्सासिननं निचरा आणखी अडवला. म्हणजे दोन्ही बाजूनं. (म्हणून बिडी चालू ठेवा असा अर्थ काढू नका, सोडायचीच आहे, फक्त सोडणार असाल किंवा सोडली असेल तर डॉक्टरना त्याच आठवड्यात कळवा म्हणजे ते डोस कमी करतील. मळून तंबाखू खाणाऱ्याचा इथं संबंध नाही, हा परिणाम धुराचा आहे.)

सिप्रोफ्लॉक्सासिनसारखंच एरिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक आणि अॅसिडिटीची सिमेटिडिन ही पण रक्तातलं प्रमाण वाढवतात. उलट टीबीचं रिफॅम्पिसिन, फिट्सचं फेनिटॉइन, कार्बामॅझेपिन यांनी गोळीचा जोर कमी पडतो. बीपीसाठी किंवा हात कापतात म्हणून प्रोप्रॅनोलॉल दिलं असेल तर ते दम्याला स्वतःच वाईट, छाती आवळते. दुखण्याच्या गोळ्यांपैकी अॅस्पिरिन, आयबुप्रोफेननं काही दमेकऱ्यांना अटॅक येतो. जोराचा ताप आला, लिव्हरचा किंवा हार्टचा त्रास असला, वय साठच्या पुढं असलं तरी गोळी अंगात जास्त वेळ राहते. एवढी नावं कोण पाठ करणार? कोणीच नाही. म्हणून पिशवी.

एक साधी कापडी पिशवी घ्या, त्यात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपा, पंप (तोंडानं ओढायचा इनहेलर), कफाची बाटली, आयुर्वेदिक चूर्ण, सगळं टाका आणि कुठल्याही दवाखान्यात जाताना ती घेऊन जा, दाताच्या डॉक्टरकडं सुद्धा. आपल्या भागात ही भानगड जास्तच, एक डॉक्टर बेळगावचा, एक मिरज नाहीतर कोल्हापूरचा, एक गावातला, कोणाची चिठ्ठी कोणाला माहीत नाही. आमच्या शेजारच्या काकूंना एकानं डेरीफायलिन दिलेलं आणि दुसऱ्यानं अॅसिब्रोफायलिन, त्या तीन आठवडे दोन्ही घेत होत्या, डबीचा रंग वेगळा म्हणून औषध वेगळं वाटलं. स्ट्रिप कापताना नाव आणि तारखेचा भाग ठेवून उरलेला भाग कापा, नाहीतर शेवटी नुसता चांदीचा तुकडा उरतो आणि डॉक्टरला काय दाखवणार.

मेडिकलवाल्याकडं आणखी एक. तो कन्नडमध्ये सांगतो, आपण मान हलवून येतो. "ऊटा आद मेले" म्हटल्यावर बाबा एकदा दचकून म्हणाले, कोण मेले? अरे, ते जेवण झाल्यावर असं आहे. "ऊटद मुंचे" म्हणजे जेवणाआधी. कळलं नसेल तर लाज न धरता परत विचारायचं, आणि पाकिटावर मराठीत सकाळ-रात्र लिहून घ्यायचं, किती वाजता ते पण.

वेळेचं महत्त्व यासाठी की रिटार्ड किंवा एसआर लिहिलेली गोळी हळूहळू विरघळायला बनवलेली असते. ती चावायची नाही, कुटायची नाही, पाण्यात विरघळवून आजीला पाजायची तर मुळीच नाही, कारण बारा तासाचं औषध एकदम अंगात उतरतं. गिळता येत नसेल तर डॉक्टरकडून दुसरा प्रकार मागून घ्या. दिवसातून दोनदा सांगितली असेल तर सकाळी आठ आणि रात्री आठ असं धरा. पोट बिघडत असेल तर जेवणानंतर घ्या. एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत, ती गेली ते गेली, पुढची वेळेवर घ्या.

आणि दम लागलाय म्हणून एक जास्तीची टाकणं हे सगळ्यात धोक्याचं. ही गोळी अटॅक मोडायची नाही, त्याला पंपच. "पंपाची सवय लागते" हे डोक्यातून काढून टाका. पंपात औषध थेट फुफ्फुसात जातं, मात्रा गोळीपेक्षा कितीतरी कमी. रोजचा स्टेरॉइडचा पंप असेल तर तो बरं वाटतंय म्हणून बंद करायचा नाही, आणि घेतल्यावर चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरं येतं. रोटाकॅप, म्हणजे पावडर भरलेली कॅप्सूल, मशीनमध्ये घालून ओढायची असते, गिळायची नसते. हसू नका, आमच्या गल्लीत एकानं महिनाभर गिळल्यात.

कफ सुटत नाही म्हणून सिरप दिलं असेल तर ते त्याच्या झाकणावरच्या खुणेनं मोजायचं, घरातला चमचा एकाचा लहान एकाचा मोठा. बऱ्याच सिरपमध्ये श्वासनळ्या सैल करणारं साल्ब्युटामॉल किंवा टर्ब्युटालिन असतं, तेच पंपात पण असतं, त्यामुळं हात थरथरणं, धडधड दुप्पट होते, तर सिरप पण पिशवीत. पाणी कोमट पीत राहा, हार्ट किंवा किडनीमुळं पाणी मोजून दिलं असेल तर तेवढंच. कफ असताना खोकला दाबायचं औषध आपल्या मनानं आणू नका, कफ आतच अडकतो.

आता कधी घाबरायचं. थोडी मळमळ, डोकं दुखणं, झोप उडणं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरना फोन. परत परत ओकारी, छातीत धडधड थांबत नाही, ठोके चुकायलेत, माणूस भ्रमिष्टासारखा बोलतोय, तर गोळीचा पुढचा डोस द्यायचा नाही, सरळ दवाखाना. फिटचा झटका आला तर 108. लहान त्रास नसताना एकदम झटका पण येऊ शकतो, म्हणून जास्त गोळ्या पोटात गेल्याचं कळलं, विशेषतः लहान पोरानं खाल्ल्या असतील, तर लक्षणांची वाट बघत बसू नका. आणि पंप घेऊन पण बोलताना वाक्य पुरं होत नाही, बरगड्या आत ओढल्या जातायत, ओठ निळे पडायलेत, तर तो दम्याचा मोठा अटॅक, तेव्हा पण 108, आणि गाडी येईपर्यंत माणसाला आडवं करू नका, पुढं वाकून बसवा आणि डॉक्टरनी सांगितलेला पंप देत राहा.

बाबांची पिशवी आता दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असते, छत्रीच्या शेजारी. आत एक पोस्टकार्डाएवढा कागद आहे, त्यावर औषधांची नावं, डोस, बिडी सोडल्याची तारीख, आणि कुठल्या औषधानं त्रास झाला ते मराठी आणि इंग्रजीत. कन्नडमधून भाचीनं लिहून दिलंय.