ग्रंथालयांच्या आराखड्याला बसण्याआधी काय काय हाताशी हवं

मुंबईच्या सार्वजनिक ग्रंथालयांचं पुढच्या वीस वर्षांत काय करायचं, याचं टिपण आपापल्या विभागातून पाठवायचं ठरलं आहे, म्हणून ही तयारीची यादी. आधी काय नको ते सांगतो. काचेच्या इमारतीचं रंगीत चित्र नको, 'वाचनसंस्कृती लोप पावत आहे' हे पहिलं वाक्य नको, आणि रंगनाथनांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्तही नकोत. १९३१ पासून ते सगळ्यांना पाठ आहेत. दर महिन्याच्या एक तारखेला ग्रंथपालाचा पगार कोण देणार, या एका प्रश्नाचं उत्तर घेऊन बसायचं. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

म्हणून सगळ्यात आधी जबाबदारी कुणाची, हे कागदावर मांडा. राज्यघटनेत ग्रंथालयं हा राज्यसूचीतला विषय आहे. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखाली ग्रंथालय संचालनालय संस्थांना मान्यता देतं, अ, ब, क, ड असा वर्ग लावतं आणि त्याप्रमाणे अनुदान देतं. पण ग्रंथालय चालवायचं संस्थेनेच, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या कार्यकारिणीतल्या हौशी माणसांनी. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यात पाणी, रस्ते, दिवे ही बंधनकारक कामं आहेत. ग्रंथालयं ऐच्छिक कामांत येतात. त्यामुळे शहरात ग्रंथालयं भरपूर, पण एखादं बंद पडलं तर जाब कुणाला विचारायचा, हे कुणालाच सांगता येत नाही. टिपणाची पहिली मागणी हीच असावी असं माझं मत आहे: शहरभरच्या ग्रंथालयांसाठी महापालिकेत एक जबाबदार अधिकारी आणि त्याच्या नावावर कायमचं लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातलं खर्चाचं वेगळं खातं.

मग आपल्या वॉर्डाची यादी. महापालिकेच्या ए ते टी विभागांप्रमाणेच करा, कारण पैसे त्याच चौकटीत वाटले जातात. मान्यताप्राप्त ग्रंथालयं घ्याच, पण तिथे थांबू नका. देवळाच्या वरच्या माळ्यावरचं कपाट, मंडळाची अभ्यासिका, पालिका शाळेतली कुलूपबंद पुस्तकं, मासिक वर्गणीवर चालणारी खासगी लायब्ररी, सगळं लिहा. राजकीय पक्षांच्या शाखांनी फुटपाथवर उभी केलेली वृत्तपत्र वाचनालयंही लिहा. पत्र्याचं छप्पर, दोन बाकं, एक तिरकी फळी आणि तिच्यावर मांडलेली चार-पाच वर्तमानपत्रं. सकाळी सातला निवृत्त मंडळी, नंतर नोकरीच्या जाहिराती पाहणारी पोरं. अनामत नाही, ओळखपत्र नाही, चौकशी नाही. इतका विनाअट प्रवेश आपल्यापैकी कुणाच्याही ग्रंथालयात मिळत नाही, हे आपणही जरा मनाशी घ्यायला हवं.

मोठ्या संस्था यादीत वेगळ्या ठेवा. टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटी १८०४ ची, काळा घोड्याचं डेव्हिड ससून १८७० चं, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. त्यांचं काम शहराचा ठेवा जपण्याचं आहे. १९५४ च्या कायद्याने देशात छापलेल्या पुस्तकांच्या प्रती ज्या चार ग्रंथालयांकडे जायला हव्यात त्यांतलं एक टाऊन हॉलमध्येच आहे. दोलामुद्रितं (छपाईच्या सुरुवातीच्या काळातली पुस्तकं), जुनी मासिकं, फायली यांचा खर्च वेगळा, निकष वेगळे. मानखुर्दच्या मुलीला घरापासून दहा मिनिटांवर पुस्तक मिळण्याचा प्रश्न निराळा. दोन्ही एकाच आकड्यात कोंबले की मोठ्या इमारतीच्या दुरुस्तीवर पैसे जातात आणि मानखुर्द राहून जातं.

वापराची आकडेवारी आणायची ती सभासदसंख्येची नव्हे. सभासदसंख्या तपासणीपुरती फुगते, हे आपल्याला ठाऊक आहे आणि तपासायला येणाऱ्यालाही. त्यापेक्षा देवघेव काउंटरच्या मागच्या कुठल्याही चार कपाटांतली पुस्तकं काढा आणि शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखेची चिठ्ठी बघा. पाच वर्षांत एकही शिक्का नसलेली किती, गेल्या वर्षी चारपेक्षा जास्त वेळा गेलेली किती, एवढंच मोजा. बालविभागाची कपाटं वेगळी मोजा, दिवाळी अंक वेगळे. निर्लेखन, म्हणजे निरुपयोगी पुस्तकं नोंदीतून काढून टाकणं, करायचं म्हटलं की कार्यकारिणीत भांडण होतं, म्हणून आपण पुस्तकं वर्षानुवर्षं तशीच ठेवतो. पण 'जागा कमी पडते' असं टिपणात लिहिणार असाल, तर ही मोजणी आधी हवी.

आता जागा. इथे जरा जास्त वेळ घालवा, कारण पुढच्या दहा वर्षांत मुंबईतली बरीच ग्रंथालयं वाचकांच्या अभावी नव्हे, पुनर्विकासात जाणार आहेत. गिरगाव, लालबाग, परळ, दादर, विलेपार्ले इथली किती वाचनालयं जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर भाड्याने किंवा पागडीने आहेत ते पाहा. भाडेपावत्या कुणाच्या नावावर फाटतात? संस्थेच्या, की तीस वर्षांपूर्वी वारलेल्या एखाद्या अध्यक्षांच्या? विकासकाने केलेल्या भाडेकरूंच्या यादीत ग्रंथालयाचं नाव आहे का, चटई क्षेत्र किती दाखवलंय, संक्रमण काळात पुस्तकं कुठे ठेवायची आणि त्याचं भाडं कोण देणार? नवी जागा कुठल्या मजल्यावर, रस्त्यावरून थेट दार आहे की सोसायटीच्या वॉचमनला विचारून आत यायचं? वॉचमनला विचारून कुणीही ग्रंथालयात येत नाही.

आणखी एक गोष्ट वास्तुविशारदाच्या कानावर नकाशे मंजूर होण्याआधी घाला. भारतीय मानकाप्रमाणे राहत्या घराची लादी (स्लॅब) चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो भार धरून केलेली असते. पुस्तकांच्या रॅकच्या खोलीला किमान ६ किलोन्यूटन धरावे लागतात, म्हणजे तिप्पट. 'पोडियमवर एक हॉल देतो' हे आश्वासन ऐकायला गोड वाटतं. पण घराच्या लादीवर तुमची पंचवीस हजार पुस्तकं चढली की स्ट्रक्चरल ऑडिटवाला पहिल्याच भेटीत ती उतरवायला सांगेल. रॅकचा नकाशा आणि पुस्तकांचं अंदाजे वजन लेखी द्या, पोच घ्या. विकास आराखडा २०३४ मध्ये तुमच्या विभागात सामाजिक सुविधांसाठी कुठले भूखंड राखीव आहेत आणि त्यांतले किती अजून ताब्यात आलेले नाहीत, हेही विभाग कार्यालयातून काढा.

पावसाचं कलम वेगळं लिहा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. पण पुस्तकं खराब व्हायला एवढा पाऊस लागत नाही. गुडघाभर पाणी आणि दोन दिवसांची गेलेली वीज पुरते. तळमजल्यावर असाल तर जून ते सप्टेंबर सगळ्यात खालचा कप्पा रिकामा ठेवता येतो का, दाखल नोंदवहीची (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते तिची) दुसरी प्रत इमारतीबाहेर कुठे आहे, भिंतीची ओल कुठल्या कपाटामागे येते, हे लिहा. कसर आणि वाळवी यांचा वार्षिक खर्चही.

वेळेबद्दल सांगायचं तर सकाळी आठ ते बारा आणि संध्याकाळी चार ते आठ हे कोष्टक बँका आणि कचेऱ्या घराजवळ असतानाच्या काळातलं आहे. चर्चगेटहून बोरिवलीला उतरणारा माणूस साडेआठला स्टेशनबाहेर येतो, तेव्हा आपण कुलूप लावून गेलेलो असतो. आठवड्यातून दोन दिवस रात्री दहापर्यंत आणि रविवारी दिवसभर, अशी मागणी करा. त्यासाठी किती जादा माणसं लागतील हेही त्याच ओळीत लिहा, नाहीतर ती वेळ आहे त्या दोघा कर्मचाऱ्यांच्याच गळ्यात पडेल.

अभ्यासिकेवरून वाद होईल, तयारी ठेवा. स्पर्धा परीक्षेची मुलं स्वतःची पुस्तकं घेऊन येतात, ग्रंथालयाचं एकही पुस्तक उघडत नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात त्या शहरात शांत खुर्ची आणि पंखा हीदेखील ग्रंथालयाचीच सेवा आहे, असं मी मानतो. फक्त अभ्यासिकेसाठी बालविभाग हलवायचा नाही, एवढी अट घाला. आणि मुलींसाठी रात्री उजेड असलेला रस्ता व वापरण्याजोगं स्वच्छतागृह. त्याशिवाय वेळ वाढवूनही त्या येणार नाहीत.

संगणकीकरणाचं थोडक्यात. ॲपची मागणी नंतर. आधी शहराची एक सामायिक सूची. अनेकांच्या याद्या अजून श्रीलिपी या जुन्या टंकप्रणालीत टंकलेल्या आहेत, त्या युनिकोडमध्ये आणाव्या लागतील. 'कुलकर्णी' आणि 'कुळकर्णी' असे एकाच लेखकाचे दोन तुकडे झालेत, ते जोडायला मराठी जाणणारा माणूस बसवावा लागेल. यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीच्या निविदेत हे काम कधीच नसतं. अंध वाचकांसाठी २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा पुस्तकं सुलभ रूपात करू देतो, तेव्हा ध्वनिपुस्तकांचं कलम घाला. भाषांचंही पाहा: तुमच्या विभागात उर्दू, गुजराती, हिंदी, तमिळ वाचणारे किती आणि त्यांच्यासाठी कपाट किती.

पैशांकडे येऊ. मद्रासने १९४८ मध्येच ग्रंथालय उपकर, म्हणजे मूळ करावर ग्रंथालयांसाठी घेतलेली जादा रक्कम, आणला, कर्नाटकात मालमत्ता करावर सहा टक्के घेतात. आपल्या १९६७ च्या कायद्यात उपकर नाही. मुंबईत २०२४-२५ ची मालमत्ता कराची वसुली सहा हजार कोटींच्या वर गेली; एक टक्का म्हणजे साठ कोटी, हा हिशेब कुणीतरी मांडेलच. मांडू द्या, पण तीन गोष्टी सोबत ठेवा. बिलात शिक्षण उपकर आणि रोजगार हमी उपकर आधीच आहेत, लोक चिडतील. २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतची घरं करातून मुक्त आहेत, म्हणजे भार त्यांच्यावर पडणार नाही, ही जमेची बाजू. आणि बंगळुरूत वसूल झालेला उपकर ग्रंथालयांपर्यंत वेळेवर पोचत नाही, ही तिथली जुनी तक्रार आहे. म्हणून उपकर मागायचा तर तो किती दिवसांत वर्ग करायचा हे कायद्यातच लिहून मागा. २०२५-२६ चा महापालिकेचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटींचा होता. उपकर नकोच म्हणाले, तर त्यातून ठरावीक वाटा मागायचा.

पगाराचं पान मात्र कुठल्याही चर्चेत गाळू नका. राज्याचं अनुदान हप्त्यांनी येतं, कर्मचाऱ्याचा किराणा महिन्याला लागतो. आपल्याकडे काम करणाऱ्या प्रत्येकाचं शिक्षण, सेवेची वर्षं आणि हातात पडणारी रक्कम असं तीन रकान्यांचं कोष्टक करा. नावं घालू नका. कोष्टक भरताना कार्यकारिणीतल्या काहींना अवघडल्यासारखं होईल, तरी भरा.

अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मांडला जातो, तेव्हा टिपण डिसेंबर संपण्याआधी आयुक्त कार्यालयात आणि आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाकडे पोचलं पाहिजे; राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये, म्हणून संचालनालयाची प्रत त्याच दिवशी. मागण्या एका पानावर, मोठ्या टाइपात. कोष्टकं, भाडेपावत्यांच्या प्रती आणि रॅकचा नकाशा वेगळ्या फायलीत, मागितले तर द्यायचे. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.